काळ्या पायांची तीरचिमणी

म्हाळसाबाईचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट तिनं कधी लपवलीही नाही. मेंढरं घ्यायला आलेला खाटीक असो, मतं मागायला आलेला पुढारी असो, नाहीतर माहेराहून आलेला सख्खा भाऊ असो, समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत ती मान तिरकी करून विचारायची, "बरं, अन् खरं काय?" गावातले लोक गमतीनं म्हणत की म्हाळसाबाईला दिवस उगवला असं सांगितलं, तर ती आधी बाहेर येऊन आभाळ बघेल आणि मग सांगणाऱ्याचं तोंड बघेल. हे तिच्या कानावर यायचं. खोटं कशाला बोला, तिला त्यात मानच वाटायचा.

जन्मापासून काही ती अशी नव्हती. तिचं गाव गोदावरीच्या काठाला होतं, आता ते नाथसागराच्या पोटात आहे. ते गेलं कसं, हे तिच्याच तोंडून ऐकण्यासारखं होतं. एके दिवशी टोपीवाला एक साहेब आला. त्यानं शिवारात तीन पायांची घोडी मांडली, तिच्यावर दुर्बीण बसवली आणि दिवसभर एक डोळा मिटून बघत राहिला. काय बघता साहेब, असं विचारलं तर म्हणाला, काही नाही, नुसतं बघतोय. गावानं त्याच्यासाठी दुधाचा चहा केला. साहेबानं नको म्हटलं आणि स्वतःच्या थर्मासातला प्यायला. या नुसत्या बघण्याच्या मागोमाग नोटिसा आल्या, नोटिसांमागून धरणाची भिंत आली आणि भिंतीमागून पाणी. घर, खळं, नवऱ्याला अग्नी दिलेली जागा, सगळं त्यात गेलं. पोटासाठी म्हाळसाबाईनं त्याच भिंतीवर मातीच्या पाट्या वाहिल्या. शेजारच्या गावची मनकर्णाबाई तिच्या जोडीला असायची. भिंतीवर जात कुणी विचारत नसे. मुकादम सगळ्यांना सारख्याच शिव्या द्यायचा.

तेव्हापासून म्हाळसाबाईच्या हिशेबात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. जो 'नुसतं बघतोय' म्हणतो तो काहीतरी न्यायला आलेला असतो. आणि जो आपल्या दारचं पाणी घेत नाही, त्याच्या मनात आपलं वाईट असतं.

सरकारनं बिडकीनच्या अंगाला उंचावर नवं गाव वसवून दिलं. तिथं मुरूम होता आणि मुरुमावर पुन्हा मुरूम होता. मेंढरांनी खायचं काय? पाणी मागं सरलं की काठाला काळ्या दगडांचा एक लांबच लांब पट्टा उघडा पडायचा. दगडादगडांच्या फटीत हिरवं लुसलुशीत गवत यायचं. तो पट्टा कागदावर सरकारचा होता आणि पोटानं म्हाळसाबाईचा. तिच्या मेंढरांचा सगळा हिवाळा आणि उन्हाळा त्यावर निघायचा. तो गेला असता, तर मेंढरं विकून कुणाच्या तरी बांधावर खुरपं धरायची पाळी आली असती.

आणि तो जाणार असं सगळे बोलत होते. चिकलठाण्याला कंपन्या उभ्या राहिल्या होत्या, वाळूजकडं जमिनी बघताहेत अशी हवा होती. मग इकडं यायला किती वेळ? कंपनीला पाणी लागतं, पाण्याला काठ असतो, आणि काठावर म्हाळसाबाईची मेंढरं होती.

विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतरचा तो दुसरा हिवाळा. एका सकाळी मेंढरं काठाला उतरवताना म्हाळसाबाईला बाभळीला टेकवलेली सायकल दिसली. पुढं बघते तर एक माणूस दगडांवर पालथा पडलेला आणि त्याच्या डोळ्यांना दुर्बीण लावलेली.

ही दुर्बीण तीन पायांची नव्हती, गळ्यात घालायची होती. म्हणजे आता लपूनछपून मोजायचीही सोय झाली, हे तिनं लगेच ताडलं.

"काय बघतो रं?"

माणूस दचकून उठला. तिशीतला असेल, अंगात कंपनीची खाकी पँट, कोपरांना गाळ. "पाखरू बघतोय, मावशी."

"बरं, अन् खरं काय?"

"खरंच पाखरू. त्या दगडावर बघा."

म्हाळसाबाईनं बघितलं. मुठीत मावेल एवढं, मातीच्या रंगाचं काहीतरी पाण्याच्या कडेनं पळत होतं. असली पाखरं तिच्या मेंढरांच्या पायात रोज घुटमळायची. त्यांच्याकडं कुणी बघावं असं त्यांच्यात काहीच नव्हतं.

"ही तर चिमणी हाय."

"चिमणी टुणटुण उड्या मारती. ही माणसावानी पावलं टाकीत पळती. छातीवर बारीक रेघा हायेत, शेपूट खालवर करती, अन् उडताना 'सिप्' करून वरडती. तीरचिमणी म्हणत्यात हिला." माणसाचा चेहरा एकदम उजळला होता. "पण मावशी, तिच्यातबी लई जाती. आपल्याकडं बारा महिने ऱ्हाती तिचे पाय फिक्के, गुलाबट. अन् एक थंडीपुरती लांबून डोंगराकडून येती. ती रानात नाय बसत, असं पाण्याच्या काठाला, दगडावर बसती. तिचे पाय काळे."

"मग हिचे काळे हायेत का?"

"तेच तर कळंना. काठाला हा काळा गाळ. त्याच्यात चाललं की कुणाचेबी पाय काळे. पाय धुतलेली एकदा जवळून दिसाया पाहिजे." औरंगपुऱ्यात तात्यासाहेब म्हणून एक रिटायर हेडमास्तर आहेत, असं त्यानं सांगितलं. त्यांनीच त्याला पाखरांचं वेड लावलं होतं आणि दुर्बीणही त्यांचीच होती. पण हे पाखरू इकडं येतच नाही, तुझा डोळा फसला, असं ते म्हणत होते. "ते म्हणत्यात, पाखराचं नाव घ्यायच्या आधी दहा येळा संशय घे."

हे मात्र म्हाळसाबाईला पटलं. शहरात निदान एक माणूस शहाणा होता म्हणायचा. पण बाकीच्या गोष्टीवर तिनं तसूभर विश्वास ठेवला नाही. पाखराच्या पायाचा रंग बघायला कुणी औरंगाबादेहून सायकल हाणत येईल? ही थाप रचणाऱ्यानं निदान पाखरू तरी जरा देखणं निवडायचं होतं.

"नाव काय तुझं?"

"कडुबा."

"कडुबा कोण?"

माणसानं दुर्बिणीची दोरी सारखी केली. "चिकलठाण्याला असतो मी. कंपनीत."

आडनाव विचारावं आणि माणसानं कंपनी सांगावी! म्हाळसाबाईच्या मनात पाल चुकचुकली. त्यात कंपनीचं नाव निघालं म्हटल्यावर तर विचारायलाच नको. तरी शेवटची परीक्षा म्हणून ती खोपीतून तांब्याभर पाणी घेऊन आली. माणसाचे ओठ उन्हानं फुटले होते. त्यानं तांब्याकडं बघितलं, मग इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "नको मावशी, माझ्याजवळ हाय." मग पिशवीतून बाटली काढून तो स्वतःचं पाणी प्यायला.

झालं. थर्मासवाला साहेब पुन्हा आला होता, फक्त टोपी काढून.

त्यानंतर दर सुट्टीला कडुबा येऊ लागला. म्हाळसाबाई मेंढरं राखायची ते कमी आणि त्याला राखायची ते जास्त. तो या दगडावरून त्या दगडावर सरपटत गेला की ती अंतर मोजतोय म्हणायची. एके जागी नुसता बसून राहिला की ती हिशेब करतोय म्हणायची. एकदा तर त्यानं तिला पाहून हात केला, तेव्हा ती दिवसभर विचार करत होती की ही खूण पाण्यापलीकडं कुणाला केली असेल. पाखरू मात्र आपल्या नादात दगडावर चढायचं आणि उतरायचं. त्याच्या पायांना गाळ तो होताच.

शेवटी तिनं दिराच्या कानावर घातलं. सूर्यभान तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. मेंढरांत आणि भांडणात पटाईत. डोकं लवकर तापायचं आणि उशिरा निवायचं.

"कंपनीचा माणूस हाय भावजी. दुर्बीण घेऊन काठ मोजतो. आडनाव सांगत नाय, पाणी घेत नाय."

सूर्यभाननं मिशीवरून हात फिरवला. "आडनाव सांगत नाय? मग कंपनीचा नसंल वैनी. दुसराच आसंल. नामांतराचा मोर्चेवाला. गावोगाव माणसं फितवीत हिंडत्यात म्हणं." थोडं थांबून तो म्हणाला, "काय बी आसू द्या. आता आला की बघतोच त्याच्याकडं."

म्हाळसाबाईला बरं वाटलं. आपण वेळेवर सावध झालो, या खेपेला कुणाला दुधाचा चहा करून घातला नाही, असं मनाशी म्हणत ती खोपीवर परतली.

पुढच्या सुट्टीला सूर्यभान आला तो एकटा नव्हता. फकिरा पैलवान आणि भावकीतले चारदोन गडी त्याच्या मागं होते, आणि मेंढरं हाकायला लागतात त्याहून जाड काठ्या त्यांच्या हातात होत्या. कडुबा दगडावर पालथा होता. सावल्या अंगावर पडल्या तेव्हा त्यानं मान वर केली.

"काय चाललंय?" सूर्यभाननं विचारलं.

"पाखरू... पाखरू बघतोय, दादा."

गडी हसले. ते हसू म्हाळसाबाईला आवडलं नाही.

"नाव?"

"कडुबा."

"आडनाव?"

कडुबानं दुर्बिणीची दोरी मुठीत धरली. सूर्यभाननं काठीचं टोक दगडावर आपटलं. "आडनाव इचारलं मी. कोण्या गावचा? कोण्या वस्तीतला?"

म्हाळसाबाई दोन पावलांवर उभी होती. आता हा साहेबी सूर लावणार, सरकारचं नाव घेणार, पोलिसांची भीती घालणार, याची ती वाट बघत होती. टोपीवाल्या साहेबाला गावानं एकदा अडवलं होतं, तेव्हा तो असा काही खेकसला होता की सरपंचानं हात जोडले होते. मागं सरकार असलेला माणूस आडनावाला घाबरत नसतो. पण कडुबा खेकसला नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यानं उठायचा प्रयत्न केला आणि गुडघे सरळ होईनात म्हणून तो दगडाला धरून उभा राहिला.

आणि म्हाळसाबाईला एकदम मनकर्णाबाई आठवली. ठराव झाला त्या पावसाळ्यात शेजारच्या गावची बौद्ध वस्ती कुणी तरी पेटवून दिली होती. दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई वाटेवर भेटली, डोक्यावर गाठोडं, पदराला काजळी. म्हाळसाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला होता. जिच्याबरोबर वर्षानुवर्षं भिंतीवर भाकर खाल्ली, ती मनकर्णा तांब्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "नको बाई. उद्या कुणी मला इचारंल का पिलीस, कुणी तुला इचारंल का पाजलंस." एवढं बोलून ती औरंगाबादच्या वाटेला लागली. त्या वेळी म्हाळसाबाईला राग आला होता, आपलं पाणी नाकारलं म्हणून. आज तिला कडुबाचं इकडंतिकडं बघणं आठवलं, फुटलेले ओठ आठवले. ज्याला ती चोर समजून राखत होती तो तिलाच भ्यायला होता. आणि या काठ्या तिनंच बोलावून आणल्या होत्या.

"आडनावाचं काय करायचंय?" ती पुढं होत म्हणाली. "पाखरू बघाया आडनाव लागतं व्हय?"

सूर्यभान चकित झाला. "वैनी, तुम्हीच तर म्हणल्या..."

"म्हणले. पण बघून घ्या ना आधी. पाखरू हाय का नाय ते बघा."

सूर्यभाननं दुर्बीण हिसकावून डोळ्यांना लावली. "चिमणी हाय ही. हिच्यासाठी औरंगाबादेहून येतो व्हय रं? आम्हाला येडं समजतो?"

"ही येगळी हाय, दादा," कडुबा कसाबसा म्हणाला. "हिचे पाय काळे असत्यात. आपल्या इथलीचे फिक्के. बाहेरून आलेली हाय ही. तेवढंच बघाया येतो मी."

दुर्बीण फकिरा पैलवानाकडं गेली. त्यानं बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला. "फिक्के हायेत. खोटं बोलतो हा." गड्यांच्या हातातल्या काठ्या जराशा वर सरकल्या.

"आण इकडं," म्हाळसाबाई म्हणाली.

तिनं जन्मात कधी दुर्बीण धरली नव्हती. डोळ्यांना लावली तर एक काळं कडं दिसलं, त्यात स्वतःच्याच पापण्या, आणि त्यापलीकडं पांढरंधोट पाणी हेलकावे खात होतं. दगड नाही, पाखरू नाही, काही नाही. ती तशीच उभी राहिली. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. कडुबाही बघत होता.

"काळे हायेत," ती म्हणाली. "कोळशावानी काळे."

"नीट बघितलं का, वैनी?"

"मी बघितल्याबिगर बोलते व्हय कधी?"

हे गावाला ठाऊक होतं. पण सूर्यभानही तिचाच दीर. त्यानं कोपरीच्या खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली आणि हळदीची ती पिवळी चिमूट तिच्यापुढं धरली. "मग उचला भंडारा. खंडोबाची आण घ्या."

म्हाळसाबाईच्या घराण्यात भंडारा उचलून कुणी खोटं बोललेलं ऐकिवात नव्हतं. खोटी आण घेतली की देव माणसाला काही करत नाही, मेंढरांवर रोग धाडतो, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. मागं तिची मेंढरं फटीतलं गवत ओरबाडत होती. एक कोकरू उगाच ओरडलं. तिनं चिमूट घेतली, कपाळाला लावली आणि सूर्यभानच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "खंडोबाची आण. त्या पाखराचे पाय काळे हायेत. हा माणूस खोटं बोलत नाय."

गडी एकमेकांकडं बघू लागले. जिला उगवलेला दिवस खरा वाटत नाही, ती म्हाळसाबाई भंडारा लावून सांगते म्हटल्यावर पुढं विचारायचं काय राहिलं? फकिरा पैलवानानं डोळे चोळले आणि आपलीच नजर अलीकडं अधू झाल्याची तक्रार केली. सूर्यभाननं दुर्बीण कडुबाच्या अंगावर टाकली. "बघ तुझं पाखरू. पण गावाकडं फिरकायचं नाय." मग ते सगळे काठ्या खांद्यावर टाकून चढाला लागले. दोनदा मागं वळून बघितलं त्यांनी. म्हाळसाबाई जागची हलली नाही.

ते दिसेनासे झाल्यावर कडुबा मटकन खाली बसला. मग म्हणाला, "मावशी, माझं आडनाव..."

"नको सांगू. मला ठाव झालं, तर कुणी तरी माझ्याकडून काढून घेईल. माझाबी काय भरवसा?"

तो कसंनुसं हसला. आणि मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर तो पहिल्या दिवशीचा उजेड परत आला. तो गुडघ्यांवर उठून बसला. "काळे व्हते ना, मावशी? मला इतके दिवस गाळ दिसतोय नुसता, अन् तुम्हाला एकाच नजरेत दिसले! आता तात्यासाहेबांना सांगतो, साक्षीदार हाय माझ्याकडं, देवाची आण घेऊन सांगणारा. आता नाय म्हणून दाखवा म्हणावं!"

म्हाळसाबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या शब्दावर आजवर लोकांनी मान डोलावली होती, कुरकुरले होते, हसले होते. असा आनंदानं, हातचं काही राखून न ठेवता, कुणी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. तिला वाटलं, राहू द्यावं. काय बिघडतं? एका मातकट पाखराचे पाय काळे झाले म्हणून कुणाचं नुकसान होतं? पण तो तोंडभर हसत दुर्बिणीच्या काचा सदऱ्यानं पुसत होता, आणि तिला ते सहन होईना.

"नको सांगू त्यांना," ती म्हणाली. "मला काय बी दिसलं नाय."

कडुबाचा हात थांबला. "म्हणजे?"

"त्या तुझ्या नळीत नुसता अंधार अन् पाणी. पाखरूच दिसलं नाय, तर पाय कुठले? तू पुन्हा बघ. तुझ्या डोळ्यानं बघ."

"अन् भंडारा?"

"ते माझं अन् खंडोबाचं. बघून घेऊ आमचं आम्ही." पण तिची नजर मेंढरांवरून फिरून आली, एकेकीवरून.

तिनंच या लोकांना बोलावलं होतं, हे त्यालाही आता कळून चुकलं होतं. "मग कामून केलं असं? कामून खोटं बोलल्या माझ्यासाठी?"

म्हाळसाबाईनं पदर खोचला आणि काठी उचलली.

"पाखराचे पाय नाय दिसले मला," ती म्हणाली. "तुझे दिसले. कापत व्हते."